डग्लस कोलमन यांचे भूक आणि लठ्ठपणावरील संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नाही. दापोली आणि गुहागर तालुक्यांत शाळांमधून, वाचनालयांतून आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या व्यासपीठावरून भूक आणि लठ्ठपणा या विषयावर बोलण्याचे प्रसंग मला वरचेवर येतात. प्रत्येक वेळी मी डग्लस कोलमन या एकाच शास्त्रज्ञाची हकिकत सांगतो, कारण भूक हा शरीराच्या आत चालणारा निरोपांचा व्यवहार आहे ही गोष्ट त्यांच्या उंदरांइतकी स्वच्छ दुसऱ्या कशानेच पटत नाही. भाषणानंतर चहाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा.

डग्लस कोलमन कोण होते?

कोलमन हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९३१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, स्ट्रॅटफर्ड या गावी झाला. १९५४ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी आणि १९५८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत रुजू झाले. एकदोन वर्षे काढावीत आणि पुढे जावे, असा त्यांचा मूळ विचार होता. प्रत्यक्षात १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. १६ एप्रिल २०१४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बार हार्बर हे समुद्रात शिरलेल्या एका बेटावरचे लहानसे गाव आहे. हर्णैला जशी मासळी उतरते तशी तिथे शेवंड उतरते, आणि उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी होते. १९२९ मध्ये स्थापन झालेली ही प्रयोगशाळा १९४७ च्या वणव्यात जवळजवळ पूर्ण जळाली. पूर्वी ज्या ज्या संशोधकांना तिने उंदीर दिले होते, त्यांनी आपापल्याकडची पिले परत पाठवली आणि त्यांच्यापासून वंश पुन्हा उभे करण्यात आले. बियाणे वाटून ठेवले की एका घरचे जळाले तरी गावात शिल्लक राहते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

ते सुरुवातीपासूनच लठ्ठपणावर काम करत होते का?

नाही. आरंभीची वर्षे त्यांनी उंदरांतील स्नायूंच्या एका आनुवंशिक रोगावर आणि केसांचा रंग ठरवणाऱ्या विकरांवर घालवली. मधुमेह आणि लठ्ठपणाकडे ते वळले ते प्रयोगशाळेत एक वेगळाच उंदीर जन्माला आला म्हणून. विषय ठरवून आयुष्य आखणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

'ओबी' आणि 'डीबी' हे उंदीर म्हणजे काय?

१९४९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे वणव्यानंतर दोनच वर्षांनी, याच प्रयोगशाळेत काही पिले इतरांपेक्षा फारच गुबगुबीत असल्याचे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. सुरुवातीला ती गाभण असावीत असे वाटले, परंतु विणीची काही चिन्हे दिसेनात. हे उंदीर अखंड खात राहत, वजनाने सामान्य उंदराच्या तिपटीपर्यंत जात, त्यांना थंडी सोसत नसे आणि त्यांची प्रजा होत नसे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा एकाच जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती आल्या तरच पिलू असे होते, हेही दिसून आले. या जनुकाला 'ओबीज'वरून 'ओबी' हे नाव पडले. पुढे १९६६ मध्ये कॅथरिन हमेल, मार्गारेट डिकी आणि कोलमन यांनी तसाच खादाड आणि लठ्ठ, परंतु तीव्र मधुमेहाने लवकर मरणारा दुसरा उंदीर जगापुढे आणला. त्यातला दोष वेगळ्या जनुकात होता. त्याचे नाव 'डीबी'.

पिंजऱ्यातल्या ओबी उंदराचे छायाचित्र मी भाषणात दाखवतो. बाजूला त्याचाच सामान्य भाऊ असतो. दोघांना अन्न एकच, जागा एकच, आई एकच. आणि एकाच्या पोटाची घडी जमिनीला टेकलेली असते. सभागृहात हसू फुटते, मग काही क्षणांत शांतता होते. बहुधा प्रत्येकाला घरातले कोणीतरी आठवत असावे.

त्यांचा गाजलेला प्रयोग नेमका काय होता?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचे उत्तर थोडे सावकाश द्यावे लागते.

दोन जिवंत प्राण्यांची कातडी कुशीच्या बाजूने उघडून एकमेकींना शिवली, की जखम भरताना दोघांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात आणि एकाच्या रक्तातले पदार्थ हळूहळू दुसऱ्यापर्यंत पोहोचू लागतात. या पद्धतीला पॅराबायोसिस म्हणतात. डीबी उंदराच्या रक्तात असे काही फिरत आहे का, की ज्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो, हे पाहण्यासाठी कोलमन यांनी डीबी उंदीर सामान्य उंदराला जोडला. डीबी उंदराला काहीच झाले नाही; तो खातच राहिला. सामान्य उंदीर मात्र काही आठवड्यांत मेला. त्याची तपासणी केली तेव्हा त्याच्या जठरात आणि आतड्यात अन्नाचा कण नव्हता, यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा संपलेला होता आणि रक्तातील साखर उपासमारीच्या पातळीवर उतरलेली होती. त्याच्या कुशीला शिवलेल्या जोडीदाराचे पोट त्या वेळी अन्नाने गच्च भरलेले होते. अन्न समोर असताना हा उंदीर उपाशी मेला होता. १९६९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यानंतर त्यांनी ओबी उंदीर डीबीला जोडला. दोघेही लठ्ठ, दोघेही खादाड. तरीही त्यांतल्या ओबीने खाणे सोडले, तो वाळत गेला आणि मेला. डीबी पूर्वीसारखाच खात राहिला. तिसऱ्या जोडीत ओबी आणि सामान्य उंदीर होते. दोघेही जगले, आणि ओबीचे खाणे व वजनवाढ मंदावली. हे काम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूल होण्यापूर्वी आंजर्ल्याच्या खाडीवर पलीकडे जायचे तर होडीवाल्याला हाक मारावी लागे. अलीकडच्या काठावरून कोणी हाकच मारली नाही, तर होडी येत नाही. हाक मारणारा घसा फोडून ओरडतो आहे, पण होडीवाला ठार बहिरा आहे, तरीही होडी येत नाही. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा तेच दिसते: माणूस काठावर उभा आणि होडी पलीकडे बांधलेली. ओबी उंदरात चरबी हाक मारत नाही. मेंदू ऐकायला तयार असतो. डीबी उंदरात चरबी आकांताने हाका मारते आणि मेंदूलाच ऐकू येत नाही. अशा डीबीच्या शेजारी चांगल्या कानाचा होडीवाला आणून बसवला, तर त्या आरडाओरड्याने तो होड्यांवर होड्या सोडणार, म्हणजेच सामान्य उंदीर 'पुरे, पुरे' असे ऐकत उपाशी मरणार. तीन जोड्यांचे तिन्ही निकाल या एका तर्काने सुटतात. 'पुरे झाले' असे सांगणारा पदार्थ रक्तात आहे, ओबीला तो बनवता येत नाही आणि डीबीला तो ऐकू येत नाही, हा निष्कर्ष कोलमन यांनी काढला तेव्हा तो पदार्थ कोणीही पाहिलेला नव्हता.

या तर्काला काही पूर्वपीठिका होती का?

होती. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा ठरावीक भाग निकामी केल्यास उंदीर लठ्ठ होतात हे दाखवले होते. १९५३ मध्ये केनेडी यांनी शरीर आपल्या चरबीची मोजदाद ठेवत असावे, अशी कल्पना मांडली. १९५९ मध्ये हर्वी यांनी हायपोथॅलॅमसला इजा केलेला उंदीर दुसऱ्याला जोडला असता जोडीदार वाळत गेल्याचे नोंदवले. कोलमन यांची भर अशी, की त्यांनी शस्त्राने केलेल्या इजेऐवजी निसर्गतःच असलेले दोन जनुकीय दोष वापरले आणि निरोप देणारा व निरोप घेणारा अशी दोन्ही टोके वेगळी करून दाखवली.

निष्कर्ष इतका स्पष्ट असताना तो लगेच का स्वीकारला गेला नाही?

लठ्ठपणा हा स्वभावाचा आणि मनोनिग्रहाच्या अभावाचा प्रश्न आहे, असे त्या काळी अनेक संशोधकही मानत. शिवाय कोलमन यांच्या हाती पदार्थ नव्हता, केवळ अनुमान होते. त्यांनी तो वेगळा काढण्याचा प्रयत्न अनेक वर्षे केला आणि त्यात त्यांना यश आले नाही. १९७९ मध्ये स्ट्राउस आणि नोबेल विजेत्या रोझलिन यॅलो यांनी ओबी उंदरांच्या मेंदूत कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक कमी असल्याचे जाहीर केले, तेव्हा हाच तो पदार्थ असावा असे काही काळ वाटले. परंतु इतर प्रयोगशाळांना ते आढळले नाही.

शिक्षक म्हणून एक कबुली येथे द्यावीशी वाटते. माझ्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. इतर मुले त्याला 'पिंप' म्हणत, आणि मी त्यांना गप्प करण्याऐवजी त्यालाच 'जरा तोंडाला आवर घाल' असे सांगितले होते. कोलमन यांचे निबंध तेव्हा प्रसिद्ध होऊन कितीतरी वर्षे झाली होती. मी ते वाचले नव्हते.

मग तो पदार्थ कोणी शोधला?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी. १९८६ च्या सुमारास त्यांनी ओबी जनुकाचा ठावठिकाणा शोधायला घेतला. त्या वेळी संपूर्ण जनुकीय आराखडा उपलब्ध नव्हता. शेकडो उंदरांच्या पिढ्या तपासत गुणसूत्रावर इंच इंच सरकावे लागत असे. आठ वर्षांनी, मे १९९४ मध्ये, जनुक हाती लागले आणि त्याच डिसेंबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. हे जनुक चरबीच्या पेशींत काम करते आणि त्यापासून १६७ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. कृश या अर्थाच्या 'लेप्टॉस' या ग्रीक शब्दावरून त्याला 'लेप्टिन' असे नाव देण्यात आले. १९९५ मध्ये हे प्रथिन टोचल्यावर ओबी उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. डीबी उंदरांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. त्याच वर्षअखेर लेप्टिन ऐकणारा रिसेप्टर सापडला आणि पाठोपाठच्या काही महिन्यांत डीबी उंदरांत तोच बिघडलेला असल्याचे सिद्ध झाले. बावीस वर्षांपूर्वीचे अनुमान अक्षरशः खरे ठरले. तोपर्यंत कोलमन निवृत्त झालेले होते.

उंदरांचे हे शास्त्र माणसाला लागू पडते का?

थोड्या माणसांना तंतोतंत लागू पडते. १९९७ मध्ये केंब्रिज येथील स्टीफन ओराहिली, सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलत भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. त्यांच्या लेप्टिनच्या जनुकातले एकच अक्षर गळलेले होते, आणि रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या उपचारांच्या अहवालात ९४.४ किलो वजनाच्या नऊ वर्षांच्या मुलीचे वजन लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात १६.४ किलोंनी कमी झाल्याची नोंद आहे. भूक आटोक्यात आणण्यासाठी त्या मुलीला कोणी उपदेश केला नव्हता. तिच्या शरीराला हाक मिळाली, एवढेच झाले.

मग लेप्टिनची इंजेक्शने घेऊन सगळ्यांचेच वजन का उतरवत नाहीत?

कारण बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते. चरबी जितकी अधिक तितके ते अधिक. म्हणजे आपल्यातील बहुतेक जण ओबीपेक्षा डीबीच्या अंगाने जाणारे. फरक इतकाच, की त्यांचा रिसेप्टर शाबूत असतो आणि मेंदूच निरोपाला हवी तशी दाद देईनासा होतो. १९९९ मध्ये हेम्सफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण स्थूल व्यक्तींना लेप्टिन देऊन पाहिले, तेव्हा काहींचे वजन उतरले आणि अनेकांचे जेमतेम हलले. मोठी आशा तेथे ओसरली. शरीरातील चरबीच नाहीशी झालेल्या लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारासाठी मात्र लेप्टिनसारखेच मेट्रेलेप्टिन हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०१४ मध्ये मान्य झाले.

उपवास केल्यावर नंतर भूक दुप्पट का लागते?

श्रावणात हा प्रश्न हमखास येतो, आणि मला तो सर्वांत आवडतो. उपवासात लेप्टिनची पातळी शरीरातील चरबी घटण्याच्या मानाने फारच वेगाने खाली येते. एका दिवसात चरबी फारशी कमी होत नाही, परंतु मेंदूला मिळणारा निरोप मात्र मोठ्या टंचाईचा असतो. १९९६ मध्ये बॉस्टनमधील जेफ्री फ्लायर यांच्या गटाने दाखवले, की उपाशी उंदरांना लेप्टिन पुरवले असता प्रजनन आणि थायरॉइडसंबंधीची उपासमारीची लक्षणे बऱ्याच अंशी टळतात. यावरून लेप्टिनचे मुख्य काम जाडीला लगाम घालण्याचे नसून दुष्काळाची वर्दी देण्याचे असावे, असे मानले जाऊ लागले. शरीर ही वर्दी फार गांभीर्याने घेते: भूक वाढवते आणि खर्च आवरते. वजन उतरवलेल्या माणसाला ते टिकवणे जड का जाते, याचे एक उत्तर येथे आहे. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी यांना उपवास म्हणावे का, हा प्रश्न मी यजमानांच्या भिडेने टाळतो.

लठ्ठपणाची जनुके इतकी घातक असतील, तर ती टिकली कशी?

कोलमन यांनी १९७९ मध्ये यावरही एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, आणि तो अन्यायाने विसरला गेला आहे असे माझे मत आहे. ज्यांच्यात ओबी किंवा डीबी जनुकाची एकच सदोष प्रत आहे, असे उंदीर दिसायला सर्वसामान्य असतात. असे उंदीर आणि पूर्णपणे निर्दोष उंदीर यांना अन्नाविना ठेवले असता एक सदोष प्रत असलेले उंदीर अधिक दिवस तग धरून राहिले. टंचाईत हीच खोट राखणदार ठरते. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली होती, तिला यातून उंदरांपुरता आधार मिळाला. आगोटीपूर्वी सुकी मासळी, कुळीथ, आमसुले, पापड आणि लाकूडफाटा भरून ठेवणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. बेगमी करणारे शरीर ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. अडचण अशी, की आता बाराही महिने दुकान उघडे असते.

दोघांची जाडी सारखीच असताना एकालाच मधुमेह का होतो?

हाही कोलमन यांचाच विषय. तोच ओबी दोष त्यांनी उंदरांच्या दोन वेगळ्या वंशांत उतरवून पाहिला. 'ब्लॅक ६' या वंशात उंदीर लठ्ठ झाले, परंतु स्वादुपिंडाने इन्सुलिन वाढवून साखर बऱ्यापैकी सांभाळली. 'केएस' या वंशात स्वादुपिंडातील पेशी थकून नष्ट झाल्या आणि उंदीर तीव्र मधुमेहाने मेले. दोष एकच, घराणे वेगळे, परिणाम वेगळा.

आपल्या लोकांच्या बाबतीत पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम येथे आठवावे. त्यांनी आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला, आणि सरासरी २.७ किलोंची ती बाळे साडेतीन किलोंच्या इंग्रज बाळांपेक्षा हातापायांनी, पोटाने किरकोळ असली तरी कातडीखालची चरबी त्यांनी राखून ठेवलेली असते, असे दाखवले. त्यामुळे 'मी कुठे जाडा आहे?' असे म्हणून साखरेची तपासणी टाळणाऱ्या सडपातळ मंडळींनी ती अवश्य करून घ्यावी.

कोकम खाल्ल्याने वजन उतरते का?

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते आणि त्याच्या जोरावर वजन उतरवण्याच्या गोळ्या व पावडरी विकल्या जातात. कोकमाचीच भाऊबंद असलेल्या, केरळात मासळीच्या कालवणात पडणाऱ्या गार्सिनिया कॅम्बोजियातील या आम्लाची चाचणी १९९८ मध्ये १३५ व्यक्तींवर १२ आठवडे घेतली गेली. औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही. ही चाचणी घेणारे हेम्सफील्ड म्हणजे पुढच्या वर्षी लेप्टिनची चाचणी प्रसिद्ध करणारेच गृहस्थ. मीही एका दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून अशा पावडरीचे दोन डबे संपवले होते. पँटचे बटण होते तिथेच राहिले. सोलकढी प्यावी ती जेवणाची रंगत वाढवते म्हणून.

भात सोडावा का?

ओबी उंदराला आणि त्याच्या सामान्य भावाला एकाच प्रकारचे खाद्य मिळत होते. शिवाय ओबीला मोजून भावाइतकेच खायला दिले तरीही त्याच्या अंगावर चरबी अधिक चढली. पदार्थाला एकट्याला दोष देणे यामुळेच मला पटत नाही. उकड्या तांदळाची पेज पिऊन दिवसभर नांगरणी आणि लावणी करणारी माणसे मी पाहिली आहेत. ताटातला भात तेवढाच राहिला आणि नांगरणी गेली, तर हिशेब चुकणारच. किती खावे, हे मधुमेह असल्यास डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावे.

सध्या गाजत असलेली वजन उतरवणारी इंजेक्शने लेप्टिनचीच आहेत का?

नाहीत. सेमाग्लुटाइड आणि टर्झेपॅटाइड ही औषधे जीएलपी-१ सारख्या आतड्यातून येणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. लेप्टिन हे चरबीच्या साठ्याची दीर्घकालीन खबर देते, तर जीएलपी-१ हे नुकत्याच झालेल्या जेवणाची. दोन्ही शोधांचे मार्ग वेगळे आहेत; भुकेला रसायनाची भाषा असते आणि ती औषधाने बोलता येते, हा विचार मात्र दोन्हींत सामाईक आहे.

जिवंत प्राणी एकमेकांना शिवणे क्रूर नाही का?

आहे, आणि विद्यार्थिनी हा प्रश्न विचारतात तेव्हा मी तो झटकून टाकत नाही. आज अशा प्रयोगासाठी भूल, वेदनाशमन आणि नीतिविषयक समितीची परवानगी आवश्यक असते. भारतातही प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० च्या कायद्याखाली नियम आहेत. रक्तातून फिरणारा अज्ञात पदार्थ शोधण्याचा दुसरा मार्ग १९६९ मध्ये उपलब्ध नव्हता, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटावे असा आग्रह नाही.

त्यांना नोबेल का मिळाले नाही?

ते मिळाले नाही, आणि मरणोत्तर ते दिले जात नाही. फ्रीडमन यांच्यासह त्यांना २००५ चा गेर्डनर, २००९ चा शॉ आणि २०१० चा लास्कर पुरस्कार मिळाला.

आमच्या गावातल्या मुलाला अशा संशोधनात जाता येईल का?

येईल. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकला की सगळे संपले, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. कोलमन हे वैद्यकीय डॉक्टर नव्हते. रसायनशास्त्राचे पदवीधर होते. विज्ञान शाखेतून पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि नेट उत्तीर्ण होऊन मिळणारी संशोधनवृत्ती, हा एक मार्ग आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत थेट जाणे, हा दुसरा. पालकांना एवढेच सांगेन, की पहिली दहाबारा वर्षे उत्पन्न बेताचे असते, आणि 'मुलगा अजून शिकतोच आहे का?' या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावे.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

बार हार्बरजवळच्या लॅमोइन येथे त्यांची स्वतःची वनजमीन होती. तिची निगा राखणे, झाडांची विरळणी आणि परिसरातील जमिनी राखून ठेवण्याची चळवळ यांत त्यांनी पुढची वीसेक वर्षे घालवली. प्रयोगशाळेने ओबी उंदरांचा वंश मात्र चालूच ठेवला आहे. तिच्या यादीत ०००६३२ हा क्रमांक टाकून जगातील कोणतीही मान्यताप्राप्त संस्था तो आजही मागवू शकते.